लॉगशीटला जे ठाऊक नव्हते

ब्रिटनमधल्या निवृत्त लॉरी-ड्रायव्हरांच्या आठवणींचे दोन प्रकारचे वाचक आहेत. हौशी मंडळी त्यांत जुन्या गाड्यांचे वैभव शोधतात. इतिहासाचे अभ्यासक त्या बाजूला सारून कायदे, परवाने आणि कंपन्यांचे अहवाल उघडतात. कष्टकऱ्यांच्या तोंडून त्यांच्या कामाचा इतिहास टिपणे हाच ज्याचा व्यवसाय, त्या माझ्यासारख्याला या दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. या आठवणी हा कामाचा पुरावा आहे, आणि काही बाबतींत तो कागदापेक्षाही भक्कम आहे, असे माझे मत आहे. मात्र हा पुरावा तपासायचा कसा, हे कळायला हवे. कागद कागदाशी ताडून पाहतात, तशी ड्रायव्हरची आठवण त्याच्या गाडीशी ताडून पाहावी लागते.

आधी कागदाचेच पाहू. १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने सलग साडेपाच तासांहून आणि दिवसाच्या चोवीस तासांत अकरा तासांहून अधिक गाडी चालवायला मनाई केली. १९३३ च्या कायद्याने मालवाहतुकीला परवाने लागू केले आणि ड्रायव्हरच्या तासांची नोंद ठेवणे सक्तीचे केले. शिवाय जड लॉऱ्यांना ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती, आणि ती १९५७ पर्यंत टिकली. लंडन ते मँचेस्टर हे अंतर सुमारे १९० मैल. वीसच्या वेगाने, वाटेत कुठेही न रेंगाळता, साडेनऊ तास लागतात. गावागावांतली गर्दी आणि चढ धरले की अकरा तासांची मुभा जवळपास संपते. माल मात्र सकाळी पोचायला हवा असे, आणि गाडी तिशी सहज गाठू शके. अशा वेळी रस्त्यावर एक घडे आणि लॉगशीटवर दुसरे उतरे. शीट भरणारा ड्रायव्हर आणि ती फायलीला लावणारा मालक, दोघांनाही आकडे कायद्यात बसलेलेच हवे होते. १९७९ साली युरोपीय न्यायालयाचा निकाल ब्रिटनच्या विरोधात गेला आणि १९८१ च्या अखेरीपर्यंत लॉऱ्यांत वेग आणि वेळ आपोआप नोंदवणारा टॅकोग्राफ बसवणे भाग पडले. तेव्हा ‘केबिनमधला हेर’ म्हणून त्या यंत्राला कडाडून विरोध झाला होता. हाताने भरलेल्या नोंदीत किती लवचीकपणा होता, ते या विरोधावरूनही समजते. म्हणून त्या काळचा प्रवास खरोखर किती वेळात होई, हे ठरवताना लॉगशीट हा दुय्यम पुरावा ठरतो.

यावर आक्षेप येणारच: तेव्हा खोटे लिहायला कारण होते, तसे आज फुशारकी मारायलाही कारण आहे. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच यंत्राची साक्ष काढावी लागते. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टमध्ये बनणारे गार्डनर इंजिन घ्या. फोडेन, ईआरएफ, अ‍ॅटकिन्सन, स्कॅमेल अशा अनेकांनी ते आपल्या गाड्यांत बसवले, कारण ते कमी डिझेल पिई आणि वर्षानुवर्षे टिके. या गाड्यांवरचे ड्रायव्हर सांगतात की एक गिअर काढून दुसरा टाकेपर्यंत सिगारेट वळून व्हायची. ऐकताना ही थाप वाटते. पण तेव्हाच्या गिअरबॉक्समध्ये फेरे आपोआप जुळवणारी सिंक्रोमेशची सोय नसे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचे फेरे जुळेपर्यंत थांबायचे, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर, असा तो क्रम. गार्डनर हे संथ फिरणारे, जड फ्लायव्हीलचे इंजिन. १९५८ साली आलेल्या १५० अश्वशक्तीच्या ६एलएक्सलाही मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर लगाम होता. त्याचे फेरे सावकाश उतरत, आणि वरचा गिअर घाईने टाकला तर दातांचा खरखराट होई. सिगारेटच्या गोष्टीत अतिशयोक्ती आहे, पण तिच्या पोटात वाट पाहण्याचे कौशल्य आहे, आणि ते यंत्राच्या रचनेतूनच आलेले आहे.

ही कसोटी आठवण नाकारायलाही उपयोगी पडते. गार्डनरच्याच जुन्या ६एलडब्ल्यू इंजिनाची ताकद ११२ अश्वशक्ती. मालासह चोवीस टनांच्या आठचाकी गाडीत टनाला पाच अश्वशक्तीही येत नाहीत. अशी गाडी उत्तर इंग्लंडमधला शॅपचा चढ चाळीसच्या वेगाने चढली असे कुणी सांगितले, तर ते नम्रपणे बाजूला ठेवावे. तीच गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून पन्नाशी गाठली, असे सांगितले तर मात्र कान द्यावा. इंजिनाचा लगाम गिअरमध्ये असताना वेग वाढू देत नव्हता. गिअर काढला की तो सुटे. हे बेकायदा होते आणि जीवघेणेही, कारण मग सगळा भार ब्रेकवर येई. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढण्याचा मोह का होई, हे कुठल्याही वाहतूक कंपनीच्या वार्षिक अहवालात सापडणार नाही.

आठवणी जिथे हमखास चुकतात, त्या जागाही ठरलेल्या आहेत: साल आणि कंपनीचे नाव. यामागे ब्रिटनचा राजकीय इतिहास आहे. १९४७ च्या वाहतूक कायद्याने लांब पल्ल्याच्या खासगी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९४८ पासून ब्रिटिश रोड सर्व्हिसेसच्या नावाने गाड्या धावू लागल्या. १९५३ च्या कायद्याने त्यांतल्या पुष्कळ पुन्हा खासगी मालकांना विकायला काढल्या. उरलेला धंदा पुढे नॅशनल फ्रेट कॉर्पोरेशनकडे गेला, आणि १९८२ साली ती कंपनी तिच्याच कर्मचाऱ्यांनी विकत घेतली. एवढ्या काळात आवार, मुकादम आणि रात्रीची खेप कित्येकदा तीच राहिली. दारावरची पाटी तेवढी बदलली. म्हणून ड्रायव्हर १९५० सालच्या कामाला बिनदिक्कत जुन्या मालकाचे नाव देतो. कागदावर ते नाव तेव्हा संपलेले होते, पण आवारात ते जिवंत होते. राष्ट्रीयीकरणाने कामाच्या जागी किती बदल झाला आणि किती नाही, हे मोजायला ही चूक अचूक उत्तरापेक्षा जास्त कामाची आहे.

या आठवणी म्हणजे निव्वळ हळहळ आहे, हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. त्यांत थंडी आहे: हीटर नसलेली केबिन, पायांना गुंडाळलेली पोती, आणि १९६३ च्या हिवाळ्यात नळीतच थिजलेले डिझेल. वर्दळीचा ए-६ रस्ता सुमारे १,४०० फुटांवर ओलांडत असे तो शॅपचा माथा आहे, जिथे बर्फात गाड्या अडकून पडत. १९७० साली तिथून एम-६ मोटरवे सुरू झाला आणि जुन्या रस्त्याची रया गेली. आज त्या माथ्यावर एक स्मारक-शिला आहे; ती ड्रायव्हरांसोबतच, अडकलेल्यांना अन्न-निवारा देणाऱ्या गावकऱ्यांचीही आठवण ठेवते. जिथे त्रास इतका तपशिलाने सांगितला जातो, तिथे अभिमान त्रासाबद्दल नसतो, तो निभावून नेण्याच्या कसबाबद्दल असतो.

गाड्याच जपल्या आहेत, मग आठवणी कशाला, असेही विचारले जाते. इंग्लंडमधल्या लेलंड गावात व्यापारी वाहनांचे संग्रहालय आहे, आणि १९६२ पासून जुन्या गाड्यांची लंडन-ब्रायटन फेरी निघते. हे काम मोलाचे आहे. पण जपलेली गाडी बहुधा रिकामी धावते, आणि पंधरा टन माल लादल्याशिवाय तिचा गिअरबॉक्स आपला खरा स्वभाव दाखवत नाही. उघड्या हौद्यावर माल रचून त्यावर ताडपत्री कशी घालायची, पाणी आत जाऊ नये म्हणून घडी कुठल्या बाजूला ठेवायची, दोराला फास देऊन त्याच दोराकडून कप्पीचे काम करून घेणारी ‘डॉली’ची गाठ कशी मारायची, हे लोखंडात कुठेच उमटलेले नाही. कंटेनर आणि पडदेवाले ट्रेलर आले आणि ही विद्या रोजच्या कामातून उठली. मात्र एक उणीव मान्य करायलाच हवी. बोलायला पुढे येतात ते धंद्यात टिकलेले आणि गाडीवर जीव जडलेले. कंटाळून सोडून गेलेले, अपघातात गेलेले आणि ट्रेलर जोडला की कायद्याने सोबत ठेवावे लागत ते जोडीदार या नोंदींत फार थोडे आहेत. ही उणीव त्यांना शोधूनच कमी होईल. जे बोलतात त्यांच्यावर अविश्वास दाखवून होणार नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. लेलंड कंपनीची कॉमेट लॉरी चेन्नईजवळच्या एन्नोरमध्ये तयार होऊ लागली आणि भारतभरच्या रस्त्यांवर धावली. एसटीची पहिली गाडीही ब्रिटिश बनावटीची बेडफर्डच होती, १९४८ साली पुणे-अहमदनगर धावलेली. शॅपचे एम-६ने केले तेच जुन्या बोरघाटाचे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने केले. त्या घाटात माल चढवलेले हात आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्याकडे जाताना ‘कसे होते ते दिवस?’ हा प्रश्न घेऊन जाऊ नये. त्याला ठरावीक उत्तर येते. चढाच्या कुठल्या वळणावर कितवा गिअर, ओझे किती, ब्रेक तापल्याचे कशावरून कळे, दोर कुठून सुरू करायचा, हे विचारावे. अशा प्रश्नांची उत्तरे पडताळता येतात, आणि पडताळता येणाऱ्या उत्तरांवरच कष्टाचा इतिहास उभा राहतो. कायदे आणि अहवाल उद्याही मिळतील. साक्षीदारांचे तसे नाही. म्हणून या कामात पहिला हक्क माणसाचा आहे, आणि कपाटातल्या कागदांनी तोवर थांबावे.