मामांचे डाकोटा

विमानाला कातडी असते, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. इंग्रजीत तिला 'स्किन' म्हणतात. मराठीत काय म्हणावे, म्हणून मी त्वचा, कवच, आवरण असे शब्द घोळवीत बसले होते. थोरले मामा म्हणाले, "अगं, आम्ही नुसतं 'पत्रा चढवणं' म्हणायचो. तुझी त्वचा डॉक्टरला दाखव." परिभाषेचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

१९६५ च्या सुमारास मामा सांताक्रूझच्या हँगरात डाकोटा विमानांचे पत्रेकाम करीत. डाकोटा म्हणजे डग्लस कंपनीचे डीसी-३. त्याने १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिली भरारी घेतली आणि महायुद्ध संपल्यावर आपल्याकडच्या हवाई वाहतुकीचा संसार बराचसा याच विमानाने ओढला. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर आपले जवान उतरले, तेही डाकोटातूनच. तेच विमान मामा आता बाराव्या हिश्श्याने बांधीत आहेत. मूळच्या पंखांची लांबी ९५ फूट. तेव्हा हे 'लहान' विमानही ८ फुटांना थोडेसेच कमी भरते. मामींनी बाहेरची खोली त्याच्या नावावर सोडली आहे.

सांगाडा हलक्या लाकडाचा. त्यावर खरा पत्रा हवा, चंदेरी रंग चालायचा नाही, हा मामांचा हट्ट. आणि तो पत्रा पुरवते मी! ऑफसेट छपाईच्या प्लेटा ॲल्युमिनियमच्या असतात, मिलिमीटरच्या पाव भागाइतक्या जाड. अंक छापून झाला की त्या भंगारात जातात. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन माझ्याकडे असल्यामुळे छापखान्यात माझी थोडी वट आहे. प्लेटेची छपाईची बाजू खरबरीत, तिला गोंद चांगला धरतो, म्हणून ती आत जाते. पाठीची चकचकीत बाजू बाहेर येते. शाई पुसली तरी अक्षरांची निळसर छाया मागे राहतेच. आमच्या प्राचार्यांचे मनोगत सध्या शेपटाच्या आत आहे. इतके सुरक्षित ते दुसरीकडे कुठेच राहिले नसते.

पत्रा चढवायचा तो शेपटाकडून नाकाकडे. पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर यावी, म्हणजे वाऱ्याला कडेत शिरता येत नाही. कोकणात कौले वळचणीपासून आढ्याकडे लावीत जातात, तोच न्याय. आधी कागदाचा बेत काढायचा, मग पत्रा कापायचा. त्यानंतर रिव्हेटे. डाकोटाच्या रिव्हेटांची डोकी गोल, उठून दिसणारी. ती काढायला पत्रा रबरावर उपडा ठेवून बोथट टोचणीने मागून एकेक टिंब दाबायचे. मागे अक्षरे असतात, हे सांगितलेच. आयुष्यभर मुलांचे अनुस्वार तपासले. आता कुणाच्या तरी कवितेवर ओळीने अनुस्वार देत सुटले आहे, आणि व्याकरणाला काही म्हणता येत नाही.

वळणदार जागी पत्रा आधी शेकून मऊ करावा लागतो. पण ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही, एकदम वितळून मोकळे होते. म्हणून त्यावर साबणाच्या रेघा ओढायच्या आणि खालून ज्योत फिरवायची. रेघा काळ्या पडल्या की थांबायचे. साबण सांगतो ते ज्योतीला कळत नाही, असे मामा म्हणतात.

सगळ्यात कठीण चिकटवणे. गोंद दोन्ही अंगांना लावून सुकू द्यायचा. मग एकदा टेकला की टेकला, केसभरही सरकत नाही. मध्ये बटर पेपर ठेवून एक कड बसवायची आणि कागद हळूहळू ओढून घ्यायचा. माझ्या धंद्यात खोडरबर आहे, दुसरी आवृत्ती आहे, शुद्धिपत्र आहे. इथे त्यातले काही नाही.

आणि मामांचे डोळे चालले आहेत. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडेचे दार दिसते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की गेलेले परत येणार नाही, उरलेले टिकवू. गेल्या श्रावणापासून कापणे, टोचणे, टेकवणे माझ्याकडे आले. मामा शेजारी बसून बोटांनी तपासतात. नजरेला न दिसणारी उचललेली कड त्यांच्या अंगठ्याला सापडते. एकदा पंखाच्या मुळाशी पत्रा किंचित पोचलेला राहिला. मामेभाऊ म्हणाला, भरून घेऊ, प्रदर्शनात बरे दिसेल. मामांनी त्यावर दोनदा हात फिरवला. "राहू दे. खरी विमानं कुठे गुळगुळीत होती? सामानवाल्यांनी ट्रॉल्या आपटून पोचे पाडायचे नि आम्ही ठोकत बसायचो." मला ते पटले. प्रदर्शनांत मांडलेली आरशासारखी विमाने मला नेहमीच न उडलेली वाटतात.

आता फक्त नाक राहिले आहे. तिथे पत्रा दोन्हीकडून वळतो आणि सपाट जागा बोटभरही नाही. मामांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.

"त्याआधी नाक बसलं पाहिजे," परवा ते म्हणाले. "कडेकडेने का होईना, दिसतंय तोवर."

मग त्यांनी साबण मागितला. घरात अभ्यंगासाठी आणलेली मोतीची नवी वडी होती. मामींनी ती देण्याआधी क्षणभर हातात धरून ठेवली, आणि मी ज्योत पेटवली.