धडधड आणि पॉइंट पंचवीस

माझ्याकडे येणारा माणूस बहुधा जाड फाइल काखेत मारून येतो. फाइलीत ईसीजी असतो, टूडी इको असतो, ट्रेडमिल टेस्ट असते, थायरॉइडचा रिपोर्ट असतो, कधी एंडोस्कोपी, क्वचित मेंदूचा एमआरआयसुद्धा. सगळं नॉर्मल. हृदयरोगतज्ज्ञांनी ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलेलं असतं आणि शेवटच्या कागदावर, रात्रीच्या खान्यात, अल्प्राझोलम पॉइंट पंचवीस लिहिलेलं असतं. तो कागद कधी दोन महिन्यांपूर्वीचा असतो, कधी सहा वर्षांपूर्वीचा. गोळी मात्र कालपर्यंतची असते. भिलाईत मानसोपचार करताना माझा बराचसा वेळ या शेवटच्या कागदावर बोलण्यात जातो.

‘मला चिंता वाटते’ असं म्हणत फार थोडे येतात. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, घशात गोळा अडकतो, हातपाय गार पडतात, पोटात ढवळतं, गॅस डोक्यात चढतो. आमच्या गावात या तक्रारी देशभरातल्या भाषांतून ऐकायला मिळतात. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि माणसं चहूकडून आली. विदर्भातल्यांना तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत, भिलाई ज्यात येतं त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभारही नागपूर राजधानी असलेल्या राज्यातूनच चालायचा. त्यामुळे ‘डॉक्टर मॅडम, हार्टला काही नाही म्हणतात, मग धडधडते कशानं?’ हा प्रश्न मला अस्सल वऱ्हाडी सुरातही विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे, आणि ‘काही नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. धडधड खरी असते. मेंदूनं धोक्याची सूचना दिली की ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, स्नायू ताठरतात, पचन मागे पडतं, श्वास उथळ आणि भरभर होतो. भरभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांचा अर्थ माणूस ‘लकवा मारतोय’ असा लावतो आणि ॲड्रिनलिनची पुढची खेप सुटते. जेकब मेंडेस दा कोस्टा या अमेरिकी डॉक्टरनं यादवी युद्धातल्या तीनशे सैनिकांची अशीच दुखणी १८७१ मध्ये नोंदवून ठेवली होती. धडधड, छातीत कळ, धाप. अनेकांच्या हृदयात काही दोष सापडत नव्हता.

हे सगळं रात्रीच का वाढतं? दिवसा कारखान्याचा आवाज, घरची कामं, मोबाइल. रात्री दिवा मालवला, डाव्या कुशीवर वळलं की उशीत स्वतःचेच ठोके ऐकू येतात. लक्ष द्यायला दुसरं काही उरत नाही. काहींना तर झोप लागून तासदोन तास झाल्यावर, कुठलंही स्वप्न न पडता, दचकून जाग येते आणि छाती फुटेल असं वाटतं. घाबरण्याचा हा झटका गाढ झोपेकडे जाताना येतो. अशी एखादी रात्र काढली की माणूस अंथरुणालाच घाबरू लागतो. आता चिंता नोकरीची किंवा पोरांची राहत नाही, ‘आज झोप येईल का’ याचीच होते.

इथे गोळी येते. खरं सांगायचं तर ती काम करते. फार चांगलं काम करते, आणि तिच्याबद्दलचे सगळे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

अल्प्राझोलमच्या कुळातलं पहिलं औषध लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, बाजूला पडलेल्या एका संयुगातून निघालं आणि १९६० मध्ये बाजारात आलं. १९६३ मध्ये डायझेपाम आलं. आपल्याकडे ते ‘काम्पोज’ म्हणून इतकं घरोघरी पोचलं की आजही वयस्कर मंडळी झोपेच्या कुठल्याही गोळीला काम्पोजच म्हणतात. त्याआधीच्या बार्बिट्युरेटच्या गोळ्यांनी थोडा डोस चुकला तरी श्वास थांबायचा, म्हणून या नव्या गोळ्या वरदान वाटल्या. मेंदूत ‘गाबा’ नावाचं एक शांतवणारं रसायन असतं. ही औषधं त्याचा जोर वाढवतात. चिंता, स्नायूंचा ताठरपणा आणि जागेपण, तिन्ही एकाच वेळी सैल पडतात. शरीरातून बोलणाऱ्या चिंतेला म्हणूनच ती इतकी मानवते.

मात्र पेशंटांचं एक वाक्य मला नेहमी थांबवतं. ‘मॅडम, गोळी घेतली की पाच मिनिटांत मोकळं वाटतं.’ पाच मिनिटांत गोळी पोटात नीट विरघळलेलीही नसते. अल्प्राझोलमचं रक्तातलं प्रमाण शिखरावर जायला तासदोन तास लागतात. म्हणजे त्या पाच मिनिटांचा आराम औषधानं दिलेला नसतो. ‘आता सोय झाली’ या भरवशानं स्वतःच्या मेंदूनंच तो दिलेला असतो. शर्टाच्या खिशात स्ट्रिप ठेवून हिंडणारे, महिनोन्‌महिने एकही गोळी न खाणारे, पण स्ट्रिप घरी राहिली तर अर्ध्या वाटेवरून परत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. मी हे त्यांना सांगते तेव्हा काहींना राग येतो. मला मात्र यात उपचाराची अर्धी वाट दिसते. जो मेंदू पाच मिनिटांत शांत होऊ शकतो, त्याला ते पुन्हा शिकवता येतं.

गोळीची झोप लवकर येते, पण तिच्यात गाढ झोपेचा आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा घटतो. काही आठवड्यांत शरीर सरावतं. पॉइंट पंचवीसचं पॉइंट फाइव्ह होतं. एक दिवस गोळी चुकली की दबलेली चिंता दुप्पट जोरानं उसळते आणि माणूस अनुमान काढतो, ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही.’ ती रात्र त्याच्या मूळ आजाराची नसते, चुकलेल्या गोळीची असते. हे समजावताना माझी सगळ्यात जास्त दमछाक होते.

आमच्या गावात यात पाळ्यांची भर. सकाळपाळी, दुपारपाळी, रातपाळी हे चक्र कारखान्याइतकंच जुनं. झोतभट्टी बटण दाबून विझत नाही, आणि रात्रभर तिच्यापाशी उभा राहिलेला माणूसही घरी आल्या आल्या विझत नाही. सकाळी सहाला सुटून स्कूटरवरून घरी येईपर्यंत डोळ्यांवर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि मेंदूनं दिवस उजाडल्याची नोंद केलेली असते. मे महिन्यात क्वार्टर तापतो, कूलर घरघरतो, पोरं शाळेला सुटी म्हणून घरात. अशात झोप न येणं हा आजारच नव्हे. पण छातीत धडधड असेल तर तो आजार वाटतो आणि सकाळी आठला गोळी घेतली जाते. ती क्लोनाझेपाम असेल तर तिचा निम्मा अंश शरीरातून जायला तीसचाळीस तास लागतात. म्हणजे त्याच रात्री क्रेनवर चढणाऱ्या माणसाच्या रक्तात ती शिल्लक असते. मी पहिला प्रश्न ‘काय काम करता’ हाच विचारते, आणि उंचीवर, वितळलेल्या धातूजवळ किंवा गाडीच्या चाकामागे असलेल्याला ही गोळी लिहिताना माझा हात आखडतो. घरी येताना गडद गॉगल घाला, खिडकीला जाड काळा पडदा लावा, पाळीच्या शेवटच्या चार तासांत चहा नको, हे सल्ले फुकटातले म्हणून लोकांना हलके वाटतात. मला ते गोळीपेक्षा भारी वाटतात.

मग मी गोळी लिहितच नाही का? लिहिते. ज्याला आठवडाभर झोप नाही आणि जो भीतीनं रात्री दोनदा इमर्जन्सीत जाऊन आलाय, त्याला ‘प्राणायाम करा’ सांगणं निर्दयपणाचं आहे. अशा वेळी चिंतेवरचं मूळ औषध, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं, सुरू करते. त्याला गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी उलट वाढूही शकते. तेवढा काळ निभावायला रात्रीची छोटी गोळी. ज्या दिवशी ती लिहिते, त्याच दिवशी, त्याच कागदावर ती संपायची तारीख लिहिते. दोन ते चार आठवड्यांपुढे ती जाऊ नये हा दंडक जगभर मानला जातो आणि जगभरच मोडला जातो. दारू घेणाऱ्याला ती देत नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि माणूस दगावू शकतो. जोरात घोरणाऱ्याला, झोपेत श्वास अडकणाऱ्याला नाही. सत्तरीच्या आजोबांना शक्यतो नाहीच, कारण रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, घरात दोघंच म्हातारी, अशा जोडप्यांना हे मी जरा दरडावूनच सांगते. आणि छातीतली कळ नवी असेल, जिना चढताना येत असेल, हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर आधी हृदय तपासा. माझं दार नंतर.

झोपेसाठीचा खरा इलाज कंटाळवाणा आहे. पलंग फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परतायचं. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच. पाळ्या बदलणाऱ्यांना ती गणितानं बसवून द्यावी लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हीच वर्तनोपचाराची पद्धत सुचवली. पहिला आठवडा पेशंट मला मनातून शिव्या देतात. तिसऱ्या आठवड्यात बरेचजण देत नाहीत.

वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांनी हा लेख वाचून ती आजच फेकून देऊ नये, हे मात्र ठासून सांगायला हवं. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर सरकारनं कारवाई केली. त्या ताडीत अल्प्राझोलम मिसळलेलं असायचं. पुरवठा एकदम तुटला आणि हैदराबादच्या, नांदेडला लागून असलेल्या निझामाबादच्या रुग्णालयांत माणसं थरथरत, भ्रमिष्टासारखी बडबडत, फिट येऊन दाखल होऊ लागली. त्यांतल्या अनेकांना आपण रोज कुठलं औषध पितोय याची कल्पनाही नव्हती. म्हणून कमी करायचं ते पायरीपायरीनं, डॉक्टरच्या देखरेखीखाली, कधी काही आठवडे तर कधी अनेक महिने लावून. शेवटची पाव गोळी सुटायला सर्वांत अवघड असते. तिच्यात औषध फारसं उरलेलं नसतं, भरवसा मात्र सगळा तिच्यातच असतो. तिथे मी घाई करत नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दारात एक वेगळी गर्दी असते. नागपूर, अमरावती, पुण्याला निघालेले लोक. कुणी म्हणतं, ‘सासरी गोळ्या कशा घेऊ, पंधरा दिवस बंदच ठेवते.’ तसं करू नका, ताई. मोजून गोळ्या न्या आणि चिठ्ठीची प्रत पर्समध्ये ठेवा. मार्च २०१४ पासून ही औषधं एच-वन यादीत आहेत. दुकानदारानं चिठ्ठी पाहून, वहीत नाव नोंदवूनच ती द्यायची असतात. परगावच्या दुकानदारानं चिठ्ठीशिवाय गोळी नाकारली तर त्याच्याशी भांडू नका, तो बरोबर वागतोय. आणि पाहुण्यांच्या घरी कुणाला झोप येत नाही म्हणून आपल्या स्ट्रिपमधली एक काढून देऊ नका. भाऊबीजेनंतर ‘वहिनींनी दिली होती, छान झोप लागली, तीच लिहून द्या’ म्हणणारी माणसं दरवर्षी येतात.