स्मृतीची परीक्षा

न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमाण मानले नाही. जैन न्यायाने मात्र तिला परोक्ष प्रमाणांत स्थान दिले. प्रमाण म्हटले की त्याची परीक्षा आलीच. आपली स्मृती किती खरी, हे ओळखायला मुले कशी शिकतात, याचा विचार म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

पाठशाळेत भक्तामर स्तोत्र शिकविताना ‘श्लोक पाठ झाला का?’ असे विचारले की सहा-सात वर्षांची सगळी मुले हात वर करतात आणि दुसऱ्या चरणाशी अडखळतात. दहा-अकरा वर्षांची मुलगी मात्र सांगते, ‘तिसरा येतो, चौथ्याचा शेवट कच्चा आहे.’ तिला आपले कच्चे कुठे आहे, ते कळलेले असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली हेच तपासले. किती चित्रे लक्षात राहतील, असे विचारल्यावर बालवाडीतील अनेक मुलांनी 10 चित्रांपर्यंत होकार दिला. प्रत्यक्षात आठवली ती बरीच कमी. चौथीतील मुलांचा अंदाज वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ होता.

नुकतेच वाचलेले कानात घुमत असते आणि तेच पाठांतर वाटते. म्हणून मी मुलांना श्लोक वाचल्यावर लगेच विचारीत नाही. अर्ध्या तासाने, पुस्तक मिटवून, ‘किती चरण येतील?’ हा अंदाज आधी वहीत लिहायला सांगतो. मग म्हणून घेतो. बँकेत वहीतील शिल्लक आणि हातातील रोकड रोज ताडून पाहावी लागे, तसेच हे. काही आठवड्यांत दोन आकडे जवळ येऊ लागतात.

प्रश्न केवळ पाठांतराचा नाही. ‘दप्तर मी जागेवरच ठेवले होते,’ असे मूल ठामपणे सांगते आणि ते दुसरीकडे सापडते, तेव्हा आपण त्याला खोटारडे ठरवितो. पण ते खोटे बोललेले नसते. त्याची स्मृती चुकलेली असते. उलट ‘नक्की आठवत नाही’ म्हणणाऱ्यालाही आपण रागावतो. मग ते शिकते एवढेच, की ठामपणे बोलले म्हणजे सुटका होते. सत्य अणुव्रताचे संस्कार करू पाहणाऱ्या घरात हे घडू नये.

मुलाने संशय प्रामाणिकपणे सांगितला, तर त्याची कदर करावी. आणि तारखा, देणी-घेणी, जुने वाद यांविषयी बोलताना ‘मला असे आठवते, पण पाहून सांगतो’ हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून मुलांच्या कानी पडावे.