फिरत्या घरांतून दादांच्या घरीं

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. पाहुण्यानें दारांत उभें राहावें आणि यजमानानें त्याला पाट, ताट व अंथरूण द्यावें, ही आपली रीत. परंतु जो पाहुणा आपलें अंथरूण, आपली चूल आणि आपलें छप्परहि बरोबर घेऊन येतो, त्याचें स्वागत कसें करावें? गेल्या सप्टेंबर महिन्यांत हा प्रश्न आमच्या थोरल्या बंधूंपुढें उभा राहिला, आणि तो उभा करणारे आम्हीच होतों. त्या प्रवासाची हकीकत शाळेच्या वाचकांस सांगावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आम्ही उभयतां या शाळेचे जुने विद्यार्थी. आज कित्येक वर्षें आमचें वास्तव्य अमेरिकेंतील आयोवा राज्यांत, डे मॉइन शहरीं आहे. आमचे दादा व वहिनी तेथून पश्चिमेस सुमारें १७०० किलोमीटर दूर, यूटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी येथें राहतात. वहिनींना तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आहे. ओळखीचीं माणसें त्यांना अनोळखी वाटतात, आणि रात्रीं घरांत नवीन माणसाची चाहूल लागली कीं त्या घाबरून उठतात. त्यांची सर्व शुश्रूषा दादा स्वतः करतात. अशा स्थितींत दादांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका सोमवारीं ठरली. त्यांचा मुलगा परदेशीं. त्याला त्या आठवड्यांत येणें शक्य नव्हतें. दादांबरोबर रुग्णालयांत एक माणूस हवें आणि वहिनींपाशीं घरीं दुसरें. पुढेंहि दोन-तीन आठवडे दादांनीं जड ओझें उचलावयाचें नव्हतें.

विमानानें गेलों असतों तर कांहीं तासांत पोंचलों असतों. पण राहावयाचें कोठें? दादांचें घर दोन खोल्यांचें. तेथें निजावें तर वहिनींची झोंप उडावी. हॉटेलांत उतरावें तर मध्यरात्रीं हांक येतां उपयोग नाहीं. म्हणून आम्हीं आमचें फिरतें घर, म्हणजे मोटारीमागें जोडावयाचा ट्रेलर, घेऊन जाण्याचें ठरविलें. त्यांच्या घराच्या बाजूस मोटार उभी करण्याची पक्की जागा होती. दारापासून दहा पावलांवर आम्ही असूं, आणि तरीहि घरांत नसूं, हा आमचा बेत.

अमेरिकेंत असे ट्रेलर शंभर वर्षांपासून रूढ आहेत. आमचा ट्रेलर अगदीं साधा, वीस फूट लांब. त्यांत एक पलंग, मेज, दोन शेगड्यांची गॅसची चूल, लहानसें शीतकपाट आणि उभें राहून स्नान करण्यापुरती न्हाणी. स्वच्छ पाण्याची एक टाकी. आणि खालीं घाण पाण्याच्या दोन, एक मोरीच्या पाण्याची व दुसरी शौचाची. या दोन टाक्या नेमलेल्या ठिकाणींच रित्या कराव्या लागतात, आणि तें काम ज्याचें त्यानें आपल्या हातांनीं करावयाचें असतें. आपल्या घरांतील घाण कोणी तरी दुसरा उचलील, या समजुतींत ज्यांचें बाळपण गेलें असेल, त्यांनीं हें काम एकदां अवश्य करून पाहावें. हातमोजे घालून नळी जोडणारा मनुष्य श्रीमंत कीं गरीब, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

ट्रेलर ओढणें ही मात्र निष्काळजीपणाची गोष्ट नव्हे. मोटारीच्या मागील पोलादी गोळ्यावर ट्रेलरची खोबण बसवितात. वरून दोन सांखळ्या अडकवितात, म्हणजे खोबण निखळली तरी गाडी मोकाट सुटत नाहीं. सर्वांत महत्त्वाचा तो भाराचा तोल. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा भार पुढील जोडावर पडला पाहिजे. आमच्या ट्रेलरचें वजन १८०० किलो. म्हणून जोडावर निदान १८० किलो हवे. जड सामान मागें भरलें तर वेग वाढतांच ट्रेलर शेपटासारखा डोलूं लागतो, आणि त्या डोलण्यानें मोटारहि उलटूं शकते. अशा वेळीं मोटारीचा ब्रेक जोरानें दाबूं नये. वेग आपोआप उतरूं द्यावा व ट्रेलरचा ब्रेक तेवढा हळूच लावावा, असा नियम आहे. तांदळाचें पोतें, डाळींचे डबे व वहिनींसाठीं घेतलेलें जातें हें सर्व आम्हीं म्हणूनच चाकांच्या किंचित् पुढें, अगदीं खालीं ठेविलें.

गुरुवारीं पहांटे निघालों. अमेरिकेंतील राज्यांतून जाणाऱ्या या महामार्गांची योजना १९५६ च्या कायद्यानें झाली. त्यांच्या क्रमांकांतहि शिस्त आहे: पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम अंक, दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना विषम. आमचा मार्ग ८० क्रमांकाचा. मिसूरी नदी ओलांडून नेब्रास्कांत शिरलों म्हणजे पुढें ७३० किलोमीटर तेंच राज्य. दोहों बाजूंस मका, मधून मधून धान्याचीं उंच कोठारें, आणि बहुतेक वाट प्लॅट नदीच्या सोबतीनें. ही नदी रुंद, उथळ आणि वाळूच्या बेटांनीं भरलेली. पाहतां पाहतां आम्हांस उन्हाळ्यांतील भीमेचें वाळवंट आठवलें.

याच नदीकांठानें १८४० नंतरच्या काळांत हजारों कुटुंबें पश्चिमेकडे ऑरेगॉनला गेलीं. त्यांच्या गाड्यांवर कापडाचें छत असे, आणि बहुतेक गाड्यांना बैलच जुंपलेले असत. कारण बैल घोड्यापेक्षां स्वस्त, सोशिक आणि वाटेंतील गवतावर निभावणारा. गाडींत सामान, माणसें बहुधा पायीं. सुमारें ३२०० किलोमीटरची ती वाट चालण्यास चार ते सहा महिने लागत. कित्येक जण रोगराईनें वाटेंतच गेले. आणि ज्या पॉनी लोकांची ही मूळची भूमि, त्यांना १८७० नंतरच्या दशकांत येथून दक्षिणेस हलविण्यांत आलें. कार्नी गांवाजवळ महामार्गावर कमानीसारखें उभारलेलें एक संग्रहालय आहे. त्यांत या वाटेचा इतिहास पाहावयास मिळतो. तो पाहून आम्ही बराच वेळ बोलत होतों. त्या गाड्यांत बसून जे गेले, त्यांतील अनेकांना मागें राहिलेल्या आप्तांचें दर्शन पुन्हां घडलें नाहीं. त्याच वाटेनें आम्ही मात्र आपल्या माणसाकडे चाललों होतों.

नेब्रास्काची भूमि सपाट दिसते, पण ती पश्चिमेकडे नकळत चढत जाते. शुक्रवारीं रात्रीं वायोमिंगमधील शायेन शहरीं मुक्काम केला, तेव्हां आम्ही १८४८ मीटर उंचीवर होतों. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर; म्हणजे महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखराहूनहि हें शहर उंच, आणि तेथें पोंचतांना एकहि घाट लागला नाहीं! तेथें पाणी शंभर अंशांपूर्वींच उकळतें. म्हणून उघड्या भांड्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं. आमच्या दाबाच्या कुकरानें त्या रात्रीं आमची अब्रू राखली.

शनिवारीं सकाळीं महामार्गाच्या सर्वोच्च ठिकाणावरून, २६३३ मीटर उंचीच्या खिंडींतून, लॅरमी गांवीं उतरलों. येथें आमची परीक्षा झाली. रस्त्यावरील दिव्यांच्या फलकावर सूचना झळकत होती: पुढें प्रचंड वारा, उंच व हलक्या गाड्यांस मार्ग बंद. आमचें घर नेमकें उंच आणि हलकें. मोकळ्या पठारावरून येणारा तो वारा ट्रेलरच्या कुशीवर आदळूं लागला तेव्हां आंतील कपबशा खणखणूं लागल्या. आम्हीं एका ट्रेलरतळावर जागा घेतली, चाकांना पाचरी लावल्या, आणि घड्याळाकडे पाहत बसलों. सोमवारीं सकाळीं सात वाजतां दादांस रुग्णालयांत हजर व्हावयाचें होतें, आणि अद्याप ६३० किलोमीटर वाट उरली होती.

दादांना दूरध्वनि केला. ते म्हणाले, "हें पाहा, घाई करूं नका. माझा डोळा आणखी महिनाभर थांबेल. तुम्हीं वाऱ्यांत गाडी घातलीत आणि कांहीं झालें, तर मी कोणत्या डोळ्यानें पाहूं?" यावर आम्हांस बोलवेना. शेजारच्या ट्रेलरांतील एका वृद्ध शेतकऱ्यानें सांगितलें, कीं येथें वारा बहुधा पहांटेस मंदावतो. लवकर निजा व लवकर उठा. आम्ही आठ वाजतांच दिवे मालवले. झोंप कांहीं आली नाहीं. पहांटे चार वाजतां बाहेर येऊन पाहिलें तों ध्वजस्तंभावरील निशाण सैल पडलें होतें, आणि मार्ग खुला झाल्याची बातमी आली होती.

रविवारचा दिवस आम्ही चालवीतच राहिलों. दर दोन तासांनीं सारथी बदलला. रॉलिन्स गांवाच्या पुढें एक विलक्षण प्रदेश लागतो. तेथें पडणारें पाणी पूर्वेच्या महासागरास मिळत नाहीं आणि पश्चिमेच्याहि नाहीं. तेथल्या तेथें जिरून व आटून जातें. शेवटीं यूटांत शिरून दरींतील लांब उतार खालच्या गिअरमध्यें, ब्रेक जपून वापरीत, उतरलों. संध्याकाळीं सहा वाजतां दादांच्या दारांत गाडी उभी केली. दादा बाहेरच उभे होते.

प्रथम भेट झाली, आणि लगेच वाद झाला. आम्ही पाणसळ लावून ट्रेलर समतल करूं लागलों, तों दादा म्हणाले, "म्हणजे? माझ्या दारीं येऊन तुम्ही गाडींत निजणार? आजवर आपल्या घराण्यांत असें कोणी केलें नाहीं." त्यांच्या आवाजांत राग नव्हता, दुःख होतें. पाहुण्याला घरांत घेतां येत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनाला टोंचत होती. आम्हीं पुष्कळ कारणें सांगितलीं. तीं सर्व त्यांना आधींच ठाऊक होतीं. अखेर एक तह झाला: रात्रीचें जेवण दादांच्या घरीं, त्यांच्याच पंक्तीला, आणि सकाळचा चहा आमच्या घरीं. तह होतांच दादा हंसले व म्हणाले, "ठीक. उद्यां मी तुमचा पाहुणा."

सोमवारीं आमच्यापैकीं एक दादांबरोबर गेलें आणि एक वहिनींपाशीं राहिलें. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. पुढें तीन आठवडे रोज सकाळीं सहा वाजतां दादा आमच्या दारावर टकटक करीत, आणि वहिनींचा हात धरून त्यांना दोन पायऱ्या चढवून आंत आणीत. वहिनींना आमचीं नांवें आठवत नव्हतीं. परंतु ट्रेलरमधील तें चिमुकलें स्वयंपाकघर त्यांना आवडलें. तेथें एकच फळी, सहा डबे, दोन पातेलीं. हरवावें असें कांहीं नाहीं. त्या रोज तेच डबे खालीं काढीत, पुशीत, आणि पुन्हां ओळीनें लावीत: आधीं साखर, मग चहा, मग मिसळणाचा डबा. एके दिवशीं त्या दादांकडे वळून म्हणाल्या, "इथें सगळें सांपडतें हो." दादांनीं तोंड खिडकीकडे फिरविलें. तीन वर्षांत ज्या माणसानें क्षणभर विसांवा घेतला नव्हता, तो रोज सकाळीं अर्धा तास आमच्या मेजाशीं बसून चहा पीत असे, आणि त्या वेळीं त्याला उठून कांहीं करावें लागत नसे.

आमच्या प्रवासाचें सार्थक त्या अर्ध्या तासांत झालें, असें आम्हांस वाटतें. आपलें ओझें आपण वाहणारा पाहुणा अधिक दिवस राहूं शकतो आणि अधिक उपयोगीं पडतो, हें खरें. पण स्वावलंबनाचा असा ताठा नसावा, कीं यजमानाला आपल्याला कांहीं देतांच येऊं नये. दादांच्या पंक्तीचा भात आम्हीं रोज जेवलों, म्हणूनच दादांनीं आमचा चहा संकोचावांचून घेतला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापाशीं ट्रेलर नसेल, आणि त्याची गरजहि नाहीं. तुमच्याहि नात्यांत असें एखादें घर असेल, जेथें दीर्घ आजार आहे आणि एकच माणूस सर्व सोशीत आहे. तेथें जातांना आपली चादर बरोबर न्यावी, आपलें ताट आपण घांसावें, आणि निघण्यापूर्वीं विचारावें, "आमची गरज कोणत्या दिवशीं आहे?" सुज्ञ पालकांनींहि मुलांस अशा घरीं सुटींत अवश्य न्यावें. तिथि न सांगतां येतो तो अतिथि खरा. परंतु गरजेची तिथि विचारून जो ती साधतो, तोच आप्त.