टाटाच्या दारात

माझा जीव टाटा हॉस्पिटलनं वाचवला, हे आजीसमोर मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. आमचं गाव पाण्याच्या वर राहिलं, पण खालची गावं गेली ती तिच्या माहेरच्या बोलण्यात कायम असायची. १९२१ च्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, त्याचं नेतृत्व करणाऱ्या बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा मोडला आणि मावळ्यांची भातखाचरं धरणात गेली. पुण्याकडं वाहणारं मुळेचं पाणी डोंगरातून उलटं कोकणात, भिऱ्याला, पडू लागलं. तिथली वीज मुंबईला.

त्या काळी टाटांच्या उद्योगाचे प्रमुख सर दोराबजी टाटा होते. १९३१ मध्ये त्यांची पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टनं १९४१ मध्ये परळचं रुग्णालय उभं केलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडं आहे. हे सगळं मी आजीला सांगून पाहिलं, म्हटलं, आजी, आता ते सरकारचं आहे. ती म्हणाली, “मग नाव कुणाचं लावलंय?”

मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली तेव्हा गावात सगळ्यांनी गंडमाळ ठरवून टाकली. संध्याकाळी ताप, रात्री घामानं गोधडी ओली, वजन उतरलेलं. क्षयातही हेच होतं, त्यामुळं एका दवाखान्यात गाठ न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप हटला नाही. शेवटी पिरंगुटच्या एका तरुण डॉक्टरनं गाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, “ही रबरासारखी लागतेय. सुईनं पाणी काढून भागायचं नाही, अख्खी गाठ काढून तपासा.” का, ते मला पुढं कळलं. मला निघाला तो हॉजकिनचा आजार, लिम्फोमाचा म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा एक प्रकार. त्यात गाठीतल्या खऱ्या कर्करोगी पेशी मूठभर असतात, बाकी सगळी साध्या पेशींची गर्दी. सुईत नेमकी ती गर्दीच यायची शक्यता जास्त. त्या डॉक्टरनं फी घेतली नाही. आता त्याचा दवाखाना तिथं नाही, नाहीतर मी त्याला पेढे घेऊन गाठलं असतं.

परळला उपचार म्हणजे लालबागच्या चाळीत आत्याकडं मुक्काम. एक खोली, त्यात पाच माणसं, सहावा मी. मामा डबेवाले होते. कामावर जाण्याआधी पहाटे माझी फाइल घेऊन रांगेत उभे राहायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट खाली गेले की आत्या सगळं उकळून द्यायची, कच्ची कोशिंबीर बंद, आणि खोकणाऱ्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवायची. त्यात आमचे सख्खे नातेवाईक दुखावले ते अजून धड बोलत नाहीत. केशरी रेशनकार्डावर फुले जनआरोग्य योजना लागली, स्कॅनचे पैसे मात्र दादानं दुभती म्हैस विकून दिले. आत्याचं आणि दादाचं फेडायचं कसं, हा प्रश्न मी कधी काढला नाही. काढला असता तर दोघांनीही मला बोल लावला असता.

औषधं चार, दर पंधरवड्याला सलाइनमधून. १९७० च्या दशकात मिलानच्या बोनाडोना नावाच्या डॉक्टरांनी ही चौकडी जमवली. त्यातलं लाल औषध इटलीतल्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेलं. ते चढलं की लघवीही लाल होते, आधी सांगितलेलं असूनही माणूस दचकतो. दुसरं एक सदाफुलीपासूनचं, १९५८ मध्ये कॅनडात सापडलेलं. हे ऐकून गावाकडचे एक काका बाटलीभर पानांचा रस घेऊन वॉर्डात हजर! सिस्टरनं ती बाटली काढून घेतली. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि कच्च्या रसात काय किती आहे याचा पत्ता नसतो, असं तिनं काकांना सुनावलं. काका जाताना म्हणाले, “आमच्या दारात एवढी फुलते, तिचा एवढा भाव आहे हे ठाऊक नव्हतं.”

रांगेत एक सांगलीकडचे आजोबा भेटायचे. त्यांच्या गाठी सावकाश वाढणाऱ्या जातीच्या. डॉक्टरांनी औषधच दिलं नाही, तीन महिन्यांनी या म्हणाले. आजोबांना वाटलं, आपल्याला सोडून दिलं. त्या जातीत त्रास नसताना औषध आधी सुरू करून आयुष्य वाढत नाही, नुसता त्रास वाढतो, हे त्यांना पटायला बराच काळ गेला. उलट शेजारच्या बाईंची जात वेगानं वाढणारी. त्यांना दर एकवीस दिवसांनी औषधं, सोबत रिटुक्सिमॅब नावाचं महागडं औषध. त्याची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये आली म्हणून ते त्यांच्या आवाक्यात तरी आलं. लिम्फोमा या एकाच नावाचा आजार आणि तिघांच्या तीन तऱ्हा.

दोन फेऱ्यांनंतरचा स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा डॉक्टरांनी फुप्फुसाला जड जाणारं औषध पुढच्या फेऱ्यांतून वगळलं. घरी आलो तेव्हा आजीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी पुन्हा टाटांचं नाव काढलं. ती म्हणाली, “तुझं त्यांनी केलं, ते तुझ्या खात्यावर. तालुक्याचं खातं वेगळं.” मला अजून यापेक्षा नीट हिशेब मांडता आलेला नाही.

आता कुणाला गाठ आली की पौडपर्यंतचे लोक माझ्याकडं येतात. परवा शेजारच्या वाडीतल्या मुलाची फाइल आली. वेगानं वाढणाऱ्या जातीचा आजार दोनदा उलटलेला. स्वतःच्याच मूळपेशी परत देऊन करतात तो उपचारही झालेला. घरच्यांनी नव्या कार-टी उपचाराचं ऐकलं होतं: रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, पुन्हा त्यालाच चढवायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून घडवलेल्या या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. त्या वेळी परदेशात तीन-चार कोटी, इथं तीस-चाळीस लाखांच्या घरात खर्च सांगत होते. तीस लाखांचे मुळशीत किती गुंठे होतात, हे हिंजवडीचं आयटी पार्क झाल्यापासून इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, आधी परळला विचारा की पोराला हा उपचार झेपेल का. मग तिथल्या समाजसेवा विभागात बसा, कोणता ट्रस्ट किती देतो ते कागदावर घ्या, सातबारा शेवटी. मुलाच्या बापानं मान हलवली. पण मी त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा जमिनीचा दलाल आधीच ओट्यावर चहा पीत बसलेला होता, आणि मी निघालो तरी तो उठला नव्हता.