मानीव कसूरदार

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं. अप्पांचं घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे सामान वाचलं. पण सोसायटीच्या आवारात गुडघाभर चिखल साचला आणि तो काढण्यासाठी घरटी तीन हजार रुपये वर्गणी ठरली. अप्पांचं वय एक्क्याऐंशी. मोबाइलवरून पैसे देणं त्यांना मान्य नाही. पैसे काढायचे म्हणजे स्लिप भरायची आणि रांगेत उभं राहायचं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते बँकेत गेले, स्लिप दिली, आणि काउंटरवरच्या मुलीनं ती तशीच परत केली. "काका, खातुं फ्रीझ थई गयुं छे. इन्कमटॅक्समांथी लेटर आव्यो छे."

हे मला चार दिवसांनी कळलं. मी कोलकात्यात असते. तौलनिक साहित्याचं एम.ए. करायला म्हणून गेले ती तिथलीच झाले. बंगालीतून मराठीत भाषांतरं करते. अप्पांना रोज रात्री फोन असतो. ते चार दिवस अप्पा फोनवर फक्त मगरींबद्दल बोलत होते. (विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या रस्त्यावर येतात, बाहेरगावच्या माणसाला हे थाप वाटतं.) पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, अप्पांनी दूध बंद केलंय. पेपरही. काही झालंय का?"

मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. अप्पांनी मला आत नेलं, पलंगावर बसवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जप्ती आली आहे."

हा शब्द त्यांनी पुस्तकातून घेतलेला नाही. ते सहा-सात वर्षांचे असताना दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एका भाडेकरूवर जप्ती आली होती. कारकून ओसरीवर बसून भांड्यांची यादी करत होता, घरातली बाई दाराआड उभी होती, आणि तांब्याचा बंब सगळ्यात शेवटी बाहेर आला, कारण त्यात पाणी तापत होतं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. तेव्हा मी अप्पांना म्हटलं, "जप्ती नाही हो, खातं नुसतं गोठवलंय. गोठलेलं तूप असतं ना, तसं. ऊन दाखवलं की सुटेल."

"तूप आपलं आपण गोठतं," अप्पा म्हणाले. "हे कोणीतरी गोठवलंय."

अप्पा इरिगेशन खात्यात अडतीस वर्षं होते, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. बडोद्यात कारभाराच्या शब्दांची वाण कधी नव्हती असं ते अभिमानानं सांगतात. संस्थानानं १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला, त्याचं नाव ते घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेतात. अशा माणसाला शब्द पातळ करून देणं सोपं नसतं. तरी पुढचे पंधरा दिवस मी तेच करत राहिले.

बँकेत मॅनेजरनं पत्र दाखवलं. आयकर कायद्याच्या कलम २२६(३) खाली बँकेला आदेश होता, की या खातेदाराकडून येणं आहे, तेव्हा त्याचे तुमच्याकडे असतील ते पैसे आमच्याकडे भरा. बँकेनं ते मानलं नाही तर बँकच 'असेसी इन डिफॉल्ट' मानली जाते, असं त्याच कलमात आहे; त्यामुळे मॅनेजरचा चेहराही काही मजेत नव्हता. खात्यात तीन लाख एक्क्याऐंशी हजार होते. मागणी साडेतेरा लाखांच्या वर.

घरी येऊन पोर्टल उघडायला दोन दिवस गेले. ओटीपी जात होता माझ्या चुलतभावाच्या जुन्या नंबरावर आणि ईमेलही त्याचाच, कधीच बंद पडलेला. शेवटी आधारवरून पासवर्ड बदलला, आणि आत सात पत्रं निघाली. पहिलं मार्च २०२२ चं, शेवटचा आदेश मार्च २०२३ चा. प्रत्येकाची सुरुवात 'सर / मॅडम / मेसर्स'. वाचणारा पुरुष आहे, बाई आहे की कंपनी, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. कागदी पत्रं पॅनवरच्या पत्त्यावर गेली होती आणि पॅनवर पत्ता होता दांडिया बाजारच्या वाड्याचा. तो वाडा २०१७ मध्ये विकला आणि त्या विक्रीवरूनच हे सगळं झालं. जे घर विकल्याबद्दल नोटीस, त्याच घराच्या पत्त्यावर ती नोटीस. तिथं आता चार मजली दुकानांची इमारत आहे. पत्ता बदलून घेण्याचं काम आमचं होतं, ते आम्ही कोणीच केलं नव्हतं.

वाडा बेचाळीस लाखांना गेला. अप्पा, दोन काका आणि आत्या, असे चार हिस्से; चौघांना खरेदीदाराचे चार वेगळे चेक. पण दस्तात पहिलं नाव अप्पांचं, म्हणून सगळी रक्कम त्यांच्या पॅनवर दिसली. त्यांनी त्या वर्षी विवरणपत्र भरलेलं नव्हतं. नोटिशींना उत्तर नव्हतं. मग अधिकाऱ्यानं हाती असेल त्यावरून आकारणी केली आणि पूर्ण बेचाळीस लाख हा अप्पांचा नफा धरला. कागद बघितले तर यात दुष्टपणा कुठंच दिसत नाही, हे मला फार त्रासदायक वाटलं. चिडायला कोणीतरी हवं होतं.

आदेशात एक वाक्य अप्पांनी बोट ठेवून विचारलं. 'डीम्ड टु बी इन डिफॉल्ट'. डिफॉल्ट त्यांना कळत होतं; डीम्ड म्हणजे नक्की काय?

"मानीव," मी म्हटलं. आपल्याकडे मानीव अभिहस्तांतरण म्हणतात ना, तसं. कायद्यानं धरून चालायचं.

"म्हणजे मानलेला," अप्पा म्हणाले. "मानलेला भाऊ असतो तसा मानलेला कसूरदार."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

सीए मिळाला तो शांत, पन्नाशीचा, गुजराती गृहस्थ. त्यानं सांगितलं की अपील करायचं; मुदत तीस दिवसांची, आपल्याला दीड वर्ष उशीर, तेव्हा विलंब माफीचा अर्जही जोडायचा. अपिलाची फी हजार रुपये. मागणीच्या वीस टक्के रक्कम भरली तर बाकीच्या वसुलीला सहसा स्थगिती मिळते. ती खात्यातूनच जाऊ द्यायची आणि उरलेलं मोकळं करून मागायचं. खरेदीखत गुजरातीत होतं, त्याचं इंग्रजी हवं होतं.

ते मी केलं. सत्तावीस पानं, तीन रात्री. आयुष्यात अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या, पण शब्द चुकला तर कोणाचं दूध बंद होईल अशी वेळ आली नव्हती. चतुःसीमा लिहिताना थांबले. पूर्वेला अमक्याची भिंत, पश्चिमेला सार्वजनिक गल्ली, आणि मध्ये 'विहिरीसह'. त्या विहिरीत माझी फ्रॉकवाली बाहुली आहे. इंग्रजीत 'टुगेदर विथ द वेल' एवढंच लिहिलं.

मग हिशेब. २००१ साल १०० धरलं तर २०१७-१८ चा महागाई निर्देशांक २७२. मूल्यांकनकारानं २००१ ची वाड्याची किंमत बारा लाख काढली. म्हणजे अप्पांच्या हिश्श्याचे तीन लाख, निर्देशांकानं आठ लाख सोळा हजार. हिस्सा साडेदहा लाखांचा, म्हणून नफा दोन लाख चौतीस हजार. पेन्शन आणि ज्येष्ठ नागरिकाची सूट जुळवून कर निघाला बेचाळीस हजार. शिवाय व्याज. साडेतेरा लाखांतून साठ-पासष्ट हजार उरले. मी आनंदात अप्पांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "हं."

चार दिवसांनी सीएनं 'स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स' पाठवलं. अप्पा म्हणाले, वाचून दाखव. मी जाता जाता सांगितलं, "लिहिलंय की तुमचं वय झालंय आणि तेव्हा तुम्हाला हे नियम माहीत नव्हते, वगैरे."

"वगैरे नको. मराठीत लिहून दे. सही माझी आहे."

बोलताना निसटता येतं, लिहिताना येत नाही. मी लिहिलं: 'अपीलकर्ता वयोवृद्ध व दुर्बल असून कराच्या तरतुदींविषयी अनभिज्ञ आहे.' अप्पांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि 'अनभिज्ञ'खाली रेघ मारली. 'दुर्बल' त्यांनी सोडून दिलं.

"हे खोटं आहे."

"अप्पा, असंच लिहितात."

ते उठले, कपाटातून २०१८ ची डायरी काढली आणि मार्चचं एक पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. पानाच्या वरच्या भागात आईच्या केमोच्या दुसऱ्या सायकलचा खर्च, इंजेक्शनांसकट. खालच्या भागात, त्याच शाईत, वाड्याच्या विक्रीवरच्या कराचा कच्चा हिशेब. 'अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस हजार. जुलैआधी भरणे.' 'भरणे'खाली दोन रेघा.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "हिश्श्याचे पैसे तिच्या दवाखान्याला लागत होते. म्हटलं, नंतर भरू."

आई २०१९ च्या जानेवारीत गेली. मी विचारलं, "आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पैसे होते. हे पान उघडायचं होईना."

आम्ही बराच वेळ बोललो नाही. मी आईच्या शेवटच्या महिन्यात पंधरा दिवस आले होते आणि एक अनुवाद मुदतीत द्यायचा म्हणून परत गेले होते. अप्पांनी तो विषय तेव्हाही काढला नाही, आताही काढला नाही.

सीएला फोन केला. तो वैतागला. "बेन, आवुं ना लखाय." आपला मुद्दा पत्त्याचा आणि हिश्शांचा आहे, तो भक्कम आहे, कबुली दिली तर दंडाची नोटीस वेगळी येऊ शकते. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी अप्पांना ते पूर्ण सांगितलं, या वेळी काही न गाळता. दंडाची टक्केवारीसुद्धा.

"लागू दे," अप्पा म्हणाले. "मानलेला कसूरदार नको. मी आहेच. फक्त साडेतेरा लाखांचा नाही, बेचाळीस हजारांचा. तेवढं लिहा."

दोन दिवस फोनाफोनी झाली. सीए शेवटी म्हणाला, वाक्य तुम्हीच लिहा, मी बघतो. मी आधी मराठीत मांडलं: 'त्या काळात पत्नी कर्करोगाने आजारी असल्यामुळे विवरणपत्र भरायचं राहिलं, आपल्या हिश्श्यावरचा कर देणं लागतो हे अपीलकर्त्याला मान्य आहे.' इंग्रजी करायला बसले आणि 'राहिलं'पाशी अडले. मराठीत कामं राहतात. कोणी राहू देत नाही, ती आपसूक राहतात; दूध आणायचं राहतं, पत्र लिहायचं राहतं, जायचं राहतं. इंग्रजीत कर्ता लागतो. मी 'कुड नॉट' लिहून पाहिलं, 'रिमेन्ड' लिहून पाहिलं. अप्पा मागं उभे होते.

"काय अडलं?"

सांगितलं.

"राहिलं नाही. मी भरलं नाही. तसं लिही."

'द अपेलंट डिड नॉट फाइल.' सीएनं ते ठेवलं. पुढं पत्नीच्या आजाराचं वाक्य, दवाखान्याची कागदपत्रं आणि डायरीच्या पानाची प्रत. प्रत जोडायला त्याचा शेवटपर्यंत विरोध होता. अप्पांनी ती स्वतः झेरॉक्स करून आणली आणि प्रत्येक जोडपत्रावर तांबड्या पेन्सिलीनं पृष्ठक्रमांक घातले. अपील ऑनलाइन जातं, त्या क्रमांकांचा उपयोग शून्य. स्कॅनमध्ये ते दिसतात मात्र.

दिवाळीनंतर स्थगिती मिळाली. खात्यातून दोन लाख सत्तर हजार गेले आणि बाकीचं खातं मोकळं झालं. अपील अजून पडून आहे. समोर माणूस नसतो, पोर्टल असतं. अप्पांचा पत्ता आता बरोबर आहे. ते रोज सकाळी फोनवर विचारतात, "काही आलं?" आणि मी बघून, जे असेल ते सांगते.

खातं बंद होतं त्या दोन महिन्यांत दूध, औषधं, वर्गणी, रिक्षा हे सगळं मी बघितलं होतं. खिडक्या उघडल्या त्या दिवशी अप्पांनी वही काढली. चौदा हजार तीनशे साठ. त्यांनी माझ्या नावाचा चेक लिहिला, वहीत माझी सही घेतली. मी तो पर्समध्ये ठेवला आणि कोलकात्याला आले. वडिलांकडून दुधाचे पैसे कोण घेतं?

जानेवारीत फोन आला. "चेक टाकला का?"

"हो, टाकला."

"पासबुकात एंट्री नाही." मग थोडं थांबून, "चेक तीन महिनेच चालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधीच मी दारात जाऊन उभी राहिले. माझ्यापुढं दोन माणसं होती.