अंधेरीचें क्रीडांगण आणि पंचांची शिट्टी

मुंबईचा फुटबॉल म्हणजे कुपरेज, हें समीकरण आमच्या पिढीच्या मनांत पक्कें बसलेलें आहे. परंतु उपनगरांची वस्ती वाढली तसा खेळही उत्तरेकडे सरकला. घाटकोपर व वर्सोवा यांना जोडणारी मेट्रो 2014 सालीं सुरू झाली. तिच्या आझादनगर स्थानकावर उतरून थोडें चाललें म्हणजे अंधेरीचें शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल लागतें. 1988 सालीं उघडलेल्या या संकुलांत 1996 च्या नोव्हेंबरांत मायकेल जॅक्सन नामक प्रख्यात अमेरिकन गायकाचा जलसाही झाला होता. 2016 पासून मात्र हें मुंबई सिटी या फुटबॉल संघाचें घर आहे. त्याच वर्षीं भारतानें येथें पोर्तो रिकोच्या संघास 4-1 असें हरविलें, आणि 2018 च्या जूनमध्यें सुनील छेत्री आपला 100 वा आंतरराष्ट्रीय सामना येथेंच खेळला.

प्रेक्षागार लहान, सात-आठ हजारांचें. त्यामुळें खेळ अगदीं जवळून दिसतो. बुटाचा आघात चेंडूवर झाला कीं नडगीवर, हें पुढच्या रांगेंतील प्रेक्षकांस कानांनींही कळतें. म्हणूनच 20 डिसेंबर 2023 ची रात्र येथील रसिकांच्या स्मरणांत राहील. पाहुणा संघ होता कोलकात्याचा मोहन बागान. पहिल्या पाव तासांतच मनवीर सिंग याजवर केलेल्या धोकादायक टॅकलबद्दल मुंबईच्या आकाश मिश्रास लाल कार्ड मिळालें, आणि सामन्याची घडी जी विस्कटली ती पुन्हां बसली नाहीं. मुंबईनें 2-1 असा विजय मिळविला खरा. परंतु मुंबईचे 4 व मोहन बागानचे 3 असे 7 खेळाडू लाल कार्डाचे धनी झाले, त्यांतील कांहीं तर शेवटची शिट्टी झाल्यावरच्या बाचाबाचींत!

अशा सामन्यानंतर सगळा दोष पंचांच्या माथीं मारण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण नियम काय सांगतो तें सुज्ञ वाचकांनीं पाहावें. फुटबॉलच्या बाराव्या नियमांत अपराधाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. निष्काळजीपणा असेल तर केवळ फ्री किक. बेदरकारपणा असेल तर पिवळें कार्ड. आणि अतिरेकी बळ वापरून प्रतिपक्ष्याच्या शरीरास धोका निर्माण केला तर लाल कार्ड. 'आधीं चेंडूलाच पाय लावला' ही सबब या तिसऱ्या पायरीवर चालत नाहीं. ही कार्डें 1970 च्या मेक्सिकोंतील विश्वचषकापासून प्रचारांत आलीं. म्हणजे नियम अपुरा नाहीं. उणीव भासते ती तारतम्याची. दंड कठोर असेल तर लोक उद्विग्न होतात, मृदु असेल तर दंड देणाऱ्यासच जुमानीत नाहींत, यथायोग्य असेल तरच त्यास मान मिळतो, हा कौटिल्याचा विचार राजाप्रमाणेंच पंचालाही लागू पडतो.

यंत्राचें साहाय्य घ्यावें, असें कोणी म्हणेल. ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगनें 2017 च्या एप्रिलमध्येंच चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची पद्धत स्वीकारली. परंतु चित्रफीत पाय कोठें पडला तें दाखविते. तो बेदरकारपणा कीं अतिरेक, हें शेवटीं माणसालाच ठरवावें लागतें.

हा प्रश्न केवळ हारजितीचा नव्हे. गोव्याच्या डेंपो संघाचा क्रिस्तियानो ज्युनिअर हा ब्राझिलियन खेळाडू 5 डिसेंबर 2004 रोजीं बंगळूर येथें फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत गोल करतांना गोलरक्षकाशीं धडकून कोसळला आणि प्राणांस मुकला. हेतु कांहींही असो, गेलेला तरुण परत येत नाहीं.

मुलुंड, बोरिवली, घाटकोपर येथील मैदानांवर आज आपल्याच घरचीं मुलेंमुली खेळतात. तेथें पंच पुष्कळदां विशीबाविशींतील एखादा पोर असतो. त्यानें शिट्टी वाजवितांच जर वडीलधारी मंडळीच कडेला उभी राहून त्याचा पाणउतारा करूं लागली, किंवा 'पाड त्याला' म्हणून चिरंजिवांस चेतवूं लागली, तर पुढच्या फाउलाला तो पोर शिट्टी कशी फुंकणार? आणि त्यानें न फुंकलेल्या शिट्टीची किंमत कोणाच्या तरी गुडघ्यास द्यावी लागेल. मुलगा खेळून घरीं आला म्हणजे 'किती गोल केलेस?' असें आपण हौसेनें विचारतों. त्याबरोबरच 'तुझ्यामुळें कोणाला लागलें नाहीं ना?' हेंही विचारण्याचा परिपाठ घरोघरीं पडावा, अशी आमची विनंति आहे.